आगटे साहेबांचे कान

आगटे साहेबांना काही सांगायला गेलं की ते दोन्ही कानांत बोटं घालायचे. "मला सांगू नका!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमचं मंगरूळपीर म्हणजे ज्याला त्याला काही ना काही सांगायची घाई असलेलं गाव. इथे बसमधून उतरलेल्या माणसाला घरी पोचेपर्यंत आज घरात काय भाजी झाली हे चौघांकडून कळतं. अशा गावात हा माणूस वर्षभर कानांत बोटं घालून राहिला आणि तरी कोणी त्याला मारलं नाही, हा गावाचा मोठेपणा.

ते पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून आले होते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, पण खेड्यांतली लेकरं अजून पांढरीफटक दिसायची. रक्त वाढवणारं लोहाचं एक पातळ औषध त्या संस्थेला तपासून पाहायचं होतं. लोकांना वाटलं डॉक्टर आले. पहिल्याच दिवशी चार जण जीभ बाहेर काढून त्यांच्यासमोर उभे राहिले. "अहो, मी डॉक्टर नाही, आकडेवाला आहे," असं साहेब म्हणाले आणि फसले. दुसऱ्या दिवशी वेगळेच चार जण आले आणि आज मटक्यात ओपनला कोणता आकडा लागेल ते हळूच विचारू लागले.

आमचं औषधांचं दुकान. मी फार्मसी शिकून नुकताच वडिलांच्या हाताखाली बसू लागलो होतो. साहेबांना दुकानात पाहिलं की वडील हिशेबाच्या वहीत तोंड घालायचे, आणि त्याला कारणही होतं. वडील एकदा गिऱ्हाइकाला आमच्या खास चूर्णाची महती सांगत होते. "चार दिवसांत खोकला गेलाच म्हणून समजा!" साहेबांनी अगदी निरागसपणे विचारलं, "आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांचा किती दिवसांत गेला?" गिऱ्हाईक विचारात पडलं आणि विचार करतच निघून गेलं. त्यानंतर वडिलांनी साहेबांशी बोलणं टाकलं. साहेबांना ते सोयीचंच झालं.

बसस्टँडसमोरच्या इस्माईलभाईच्या हॉटेलात साहेब दोन कप चहा मागवायचे. एकात साखर, एकात गूळ, आणि डोळे मिटून दोन्ही प्यायचे. इस्माईलभाई सवयीने म्हणायचा, "साब, ये तो गूळ का..." की लगेच, "मला सांगू नका!" अगोदर कळलं तर जीभ खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं. इस्माईलभाईचं म्हणणं, पैसे दोन कपांचे मिळतात, मग साहेबाच्या जिभेशी आपल्याला काय करायचंय.

आता त्या औषधाचं. साहेबांनी आसेगाव हे गाव निवडलं. पारावर सगळ्यांना जमवून खरं ते सांगितलं. अर्ध्या मुलांना औषध मिळेल, अर्ध्यांना तशाच रंगाचा, तशाच चवीचा साखरेचा पाक. लाल झाकणाच्या बाटल्या आणि निळ्या झाकणाच्या बाटल्या. कोणत्या मुलाला कोणतं झाकण ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. वर्षभराने कोणाचं रक्त जास्त वाढलं ते पाहायचं, गुण आला असेल तर सरकार ते औषध गावोगावी देईल.

"पन कोनच्या झाकनात दवा हाय जी?" गिरजाबाईने विचारलं. गिरजाबाई म्हणजे आसेगावची सुईण. गावातलं एकूण एक लेकरू तिच्या हातचं.

"ते मलाही माहीत नाही."

"तुमालेच मालूम नाई, तं मंग आले कायले?"

साहेबांना माहीत नव्हतं, कारण मला माहीत होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत बाटल्या मीच भरायचो. साऱ्या तालुक्यात ते गुपित माझ्या एकट्याच्या पोटात होतं. सगळ्यांची खात्री की दवा लालच असणार, कारण रक्त लाल. सरपंचांच्या नातवाला चिठ्ठीत निळं निघालं, तर सरपंच तीन दिवस साहेबांच्या मागे लागले की लाल द्या. साहेब बधले नाहीत. सरपंच चिडले आणि मी मागच्या खोलीत एकटाच हसून घेतलं. दवा निळ्यात होती.

आणखी एक अडचण होती. लोहाच्या औषधाने लेकरांची शी काळी होते. म्हणजे आयांनी ती बातमी दिली तर कोणाला काय मिळतं ते साहेबांना लगेच कळणार. म्हणून आसेगावात त्यांनी फर्मान काढलं, मुलांच्या पोटाबद्दल मला चकार शब्द सांगायचा नाही. गिरजाबाई दर खेपेला पुढे यायची. "साहेब, तुमाले एक सांगाचं हाय..." साहेबांची बोटं कानांत. "बाटल्याईचं हाय जी..." साहेब पाठ फिरवून चालू लागायचे.

मुलांना ते नावाने हाक मारत नसत. नंबराने मारायचे. नाव घेतलं की जीव जडतो आणि जीव जडला की मोजमाप बिघडतं, असं मला त्यांनी पट्टी धरून रेघ मारावी तसं सरळ समजावून सांगितलं होतं. सतरा नंबरची एक मुलगी होती, नंदी. पाचेक वर्षांची, भिंतीची माती खरवडून खाणारी. साहेब आले की ती त्यांच्याजवळ जाऊन बसायची. सतरा हे साहेबांनी आपल्याला लाडाने ठेवलेलं नाव आहे, अशी तिची समजूत. "सतरा आली!" असं ती स्वतःच ओरडत यायची. साहेब फुटाणे सगळ्यांना सारखे मोजून द्यायचे, आणि डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहायचे तेही सगळ्यांच्या. फक्त तिची पाळी सगळ्यांत शेवटी ठेवायचे.

पावसाळ्यात एकदा संध्याकाळी ते दुकानात आले. काही घेतलं नाही. बाकावर बसून राहिले.

"सतरा नंबरला ताप आहे," ते म्हणाले. "झाकण लाल आहे तिचं."

मी तोंड उघडलंही नव्हतं, तरी ते म्हणाले, "मला सांगू नका." कानांत बोटं मात्र घातली नव्हती. मी कपाटातल्या बाटल्या उगाच पुसत राहिलो. बऱ्याच वेळाने ते उठून गेले. ताप उतरला, नंदी बरी झाली, पण साहेबांची ती संध्याकाळ माझ्या मनातून गेली नाही.

वर्ष संपलं. साहेबांनी हिशेब मांडला आणि पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आले. सगळ्याच मुलांचं रक्त थोडं थोडं वाढलं होतं. लालचं जितकं, निळ्याचं तितकंच.

"म्हणजे औषधाचा उपयोग नाही. नव्या धान्याने वाढलं असेल, कशानेही असेल. मला तसंच लिहावं लागेल."

"मग सरकार?"

"सरकार कशाला देईल?"

"आता तरी सांगू का, कशात काय होतं?"

"दोन्ही सारखीच निघाली. आता कळून काय करायचं?"

मला फार वाईट वाटलं. वर्षभर पोटात ठेवलेलं गुपित कोणालाच नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पोचवायला बसस्टँडवर गेलो. अकोल्याची गाडी लागली होती. तेवढ्यात आसेगावची गाडी आली आणि गिरजाबाई शेंगांची पिशवी घेऊन उतरली. साहेब जाणार हे तिला कळलं होतं. तिने तोंड उघडलं, साहेबांचे हात सवयीने वर गेले. बाईने ते दोन्ही मनगटांशी पकडले.

"आता आयकाच लागते साहेब! सालभर सांगून राह्यली मी. तुमची पेटी आली का आमी साऱ्या बायका बाटल्या एका मोठ्या पितळी गुंडात ओतत जावो. लाल बी न् निळ्या बी. पळीनं हालवलं, का पुन्हा भरून ज्याची त्याले."

"अवो, काहून?" मीच ओरडलो.

"काहून म्हंजे? सारे लेकरं माह्या हातचे हायेत. एकाले दवा पाजू न् एकाले पानी? कोनच्या मायले सांगू, का तुह्या लेकराच्या नशिबात पानी हाय म्हनून?"

साहेब आपल्या ट्रंकेवर बसले. मला वाटलं, संपला हा माणूस. वर्षाची मेहनत गुंडात गेली.

"सगळ्या बाटल्या?" त्यांनी विचारलं. "दर महिन्याला?"

"हो जी. एक बी नाई सोडली."

ते माझ्याकडे वळले. "पारसभाऊ, आता सांगा."

"काय सांगू?"

"नंदीचं. लाल झाकणात काय होतं?"

वर्षभरात त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"नुसता पाक," मी म्हणालो.

साहेब चष्मा काढून धोतराने पुसायला लागले, तेव्हा लक्षात आलं की धोतर माझं होतं.

"म्हणजे तिला अर्धं तरी मिळालं," ते म्हणाले. "अर्धं तरी मिळालं हो तिला."

कंडक्टरने दोनदा घंटी मारली. साहेबांनी ट्रंकेवरून न उठताच त्याला 'जा' असा हात केला आणि अकोल्याची गाडी गेली. औषध कुचकामी असं आता लिहिता येणार नव्हतं. सगळं नव्याने, दुसऱ्या गावात करावं लागणार होतं. पण त्याची त्यांना काही घाई दिसली नाही.

"बाई, बसा," ते म्हणाले. "आणखी काय काय सांगायचं राहिलंय?"

गिरजाबाईने शेंगांची पिशवी खाली ठेवली, फतकल मारली आणि लेकरांच्या काळ्या शीपासून सुरुवात केली. पुढची गाडी येईपर्यंत ती बोलत होती आणि आगटे साहेब दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होते.