बोट उठली का?

आमच्या खालच्या मजल्यावरचे दिघेकाका भेटल्यावर 'कशी आहेस?' असं विचारत नाहीत. 'किती किलो?' विचारतात. एका लग्नात तर त्यांनी स्टेजवर जाऊन नवरदेवालाच विचारलं होतं.

मला जिन्यात विचारलं तेव्हा मी घाबरून इंग्रजीत सांगितलं. ऐन वेळी मला मराठी आकडे सुचत नाहीत.

"म्हणजे अठ्ठेचाळीस," काकांनी मान डोलावली. "सोन्यासारखं वजन आहे गं. जप."

हे सगळं त्यांच्या बोटीपायी. बँकेतून निवृत्त झाल्यावर काकांनी एक चिमुकली, पत्र्याची बोट घेतली. तिच्या मोटरीला पंखा नाही. ती खालचं पाणी ओढून मागे जोरात फेकते. गंगापूर धरणाच्या कडेला पाणी उथळ आणि खडक फार, तिथे पंखा मोडला असता. पण या मोटरीत जोर बेताचा. वेग आला की बोटीने उठून पाण्यावरून घसरत धावायला हवं. काकांची बोट नाक वर करून म्हशीसारखी पाणी रेटत राहायची.

पुढे काकू बसायच्या. काकू अंगाने चांगल्याच भरलेल्या. कारण सगळ्या कॉलनीला कळत होतं. काकांनी मात्र मधली फळी काढली, पेट्रोल अर्धंच भरलं, चपला काठावर ठेवल्या, रात्रीचा भात सोडला.

"माझं पोट आडवं येतंय," ते सांगायचे.

"अहो, मी उतरते ना," काकू म्हणायच्या.

"तू उतरलीस तर बोट उठवून करायचं काय?"

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर धरणावर गेले. काकूंचा गुडघा दुखत होता. त्या काठावर थर्मास घेऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "जा गं तू. घरात बसून पांढरी पडलीयेस."

वळणापलीकडे गेल्यावर काकांनी वेग वाढवला. नाक नेहमीसारखं वर गेलं. मग एकदम खाली आलं, बोट हलकी झाली, मोटरीचं कण्हणं थांबून आवाज मोकळा झाला. खाली पाणी नव्हतंच जणू, गुळगुळीत काच होती. मी ओरडले. मी!

मागे वळून पाहिलं तर काकांचा चेहरा पडलेला. त्यांनी वेग कमी केला. बोट पुन्हा पाण्यात बसली.

"काकूला सांगू नकोस," ते म्हणाले. "तिला वाटेल, इतके दिवस तिच्यामुळे अडलं होतं."

काठावर काकूंनी चहा ओतला. "काय हो, उठली का?"

"छे! हे पोट!"

"आवाज तर मोकळा झालेला ऐकला मी."

"दुसऱ्या कुणाची तरी बोट असेल."

त्या सकाळी अख्ख्या पाण्यावर दुसरी बोट नव्हती. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहत राहिले.

"असेल," काकू म्हणाल्या, आणि काकांची भिजलेली बाही हातात घेऊन सावकाश पिळू लागल्या.