त्रिनिदादचा इतिहास, लेखक विठ्ठल गुरव

शालेय प्रकल्प हे पालकांच्या सर्वांगीण विकासाचं प्रभावी साधन आहे. आखातातल्या ईसा टाउनच्या एका शाळेने परिपत्रकात ठळक अक्षरांत बजावलं होतं, 'प्रकल्प विद्यार्थ्यांनी स्वतःच करावा.' त्यामुळे सुज्ञ पालकांनी ताबडतोब रजा टाकल्या.

विठ्ठल गुरव हा त्याच देशातल्या नईम भागात राहणारा, संगमेश्वरकडचा एसी मेकॅनिक. पाचवीतल्या विशाखाच्या वाट्याला 'त्रिनिदाद : नाव, इतिहास, संस्कृती' हा विषय आला आणि बापाच्या वाट्याला प्रकल्प. शिमग्याला गावी जायची रजा मंजूर होती, तिकीटही काढलं होतं. प्रदर्शन नेमकं त्याच आठवड्यात आलं. तिकीट रद्द झालं, रजा मात्र सत्कारणी लागली.

"इट्टला, पालखीला आपल्या घरचा खांदा कोन देनार रं?" आईने फोनवर विचारलं.

"आये, पोरीच्या मार्कांचा प्रश्न हाय. फुडल्या वर्षी नक्की येतो." (हे वाक्य तो बारा वर्षं न अडखळता म्हणतो आहे. सरावाने जमतं.)

काम शास्त्रशुद्ध झालं. नाव कोलंबसाने ठेवलं; आधीपासून राहणाऱ्यांना विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. (आताही फारशी नाही.) संस्कृतीसाठी हलव्याच्या डब्याचा स्टीलपॅन, म्हणजे तिथलं पत्र्याचं वाद्य, ठोकून बनवला. तिथले भारतीय वंशाचे लोक फगवा खेळतात, म्हणजे आपला शिमगाच, म्हणून कापसाची माणसं करून त्यांच्यावर गुलाल उडवला. शिमगा बुडवून शिमग्याचं मॉडेल करणारा तो बहुधा पहिलाच कोकण्या. एक्क्याण्णव टक्के काम विठ्ठलचं, आठ टक्के बायको शेवंतीचं. विशाखाने वर नाव घातलं.

इतिहास तेवढा विठ्ठलने सांगायचा आणि तिने लिहायचा, असं ठरलं.

"अठराशे पंचेचाळीसपासून आपले मजूर बोटीने गेले. करार पाच वर्षांचा." इथवर पुस्तकातलं होतं. पुढे विठ्ठल रंगात आला. "मग म्हणाले, अजून एकच वर्ष. मग पोरं झाली. पोरं वेगळ्याच भाषेत उत्तरं द्यायला लागली. गावाकडून आई विचारायची, कधी येतोस?"

"बाबा, विच बुक इज धिस फ्रॉम?"

विठ्ठलने पुस्तक मिटलं. "लिही तू," तो म्हणाला.

प्रकल्पाला दुसरा नंबर मिळाला. पहिला हुकला तो इतिहासामुळे. बाईंनी (कोट्टयमहून दोन वर्षांसाठी आलेल्या, एकोणीस वर्षांपूर्वी) लाल शाईत लिहिलं होतं, 'ही माहिती त्रिनिदादची वाटत नाही. आधार द्यावा.'

गावी पालखीला खांदा शेजारच्या शंभूने दिला. हे ऐकून विठ्ठल बाथरूमचा नळ सोडून रडला.

आधाराचं काम अजून अडलेलं आहे. तरी वाचकांनी मुंबईत, पुण्यात वा जिथे कुठे असतील तिथे आपण मुळात किती वर्षांसाठी आलो होतो, ते एका ओळीत कळवावं.