इस्माईलचाचांची रंगीत तालीम

माझ्या पुतणीच्या बारशाला शेजारचे इस्माईलचाचा आले, बाळाला पाहिलं, खिशातून हुकाचा काटा काढला आणि कुणाला काही कळायच्या आत बाळाच्या झोळीला अडकवला. वर धरून आकडा वाचला, "तीन किलो दोनशे. हँडबॅगेत चालंल."

माझी भावजय अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही.

हा काटा म्हणजे विमानतळावर जाण्याआधी बॅगा तोलायचा असतो तो. चाचा कुवेतला होते, आमच्या वरसे गावातली निम्मी पोरं जन्मलीसुद्धा नव्हती तेव्हापासून. आता कायमचे परत आलेत. तिकडचं सगळं सोडून आले, पण काटा सोडला नाही. बाजारातून भोपळा आणला की तोलणार. आमच्या गणपतीत मोदकांचा डबा दिला तर आधी हुकाला लावणार, मग झाकण उघडणार. आणि प्रत्येक वस्तू हातात नेता येईल की सामानात टाकावी लागेल, हे शेरा मारल्यासारखं सांगणार. वर काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "सिस्टीम हाय ती!"

मी कंपनीत शिफ्टला जाणारा माणूस. तीनची शिफ्ट असली की मी पावणेतीनला घर सोडतो. ते पाहून चाचांना कापरं भरतं. "तीन तास आधी रिपोर्टिंग नको?" म्हणतात. अहो चाचा, मी बाराला गेटवर जाऊन काय वॉचमनला राखी बांधू? "माफी मुश्किल," म्हणून हात उडवतात. हे तिकडचं 'काही हरकत नाही'. म्हणतात तेच, पण तोंडावर हरकत चांगली दिसते.

तर अशा माणसाच्या डोक्यात निलगिरीतली वाफेच्या इंजिनाची गाडी शिरली.

म्हणजे शिरली होती फार पूर्वीच. चाचांचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या घरात एका कॅलेंडरवर त्या गाडीचं चित्र होतं. डोंगर, पूल आणि धूर सोडणारं इंजिन. हलीमाचाचींनी विचारलं होतं, "अशी गाडी खरंच हाय?" चाचा म्हणाले होते, पुढच्या सुट्टीत नेतो. पुढच्या सुट्टीत घराचे पत्रे बदलले, त्याच्या पुढच्या सुट्टीत बहिणीचं लग्न, मग आणखी काही. सुट्ट्या संपल्या आणि कॅलेंडर कुठे गेलं ते चाचींनाही आठवत नाही. चाचांना मात्र सगळं आठवतं. "एक वायदा केला आयुष्यात, आन तोच रायला," असं ते मला एकदा म्हणाले, तेव्हा त्यांच्या हातात काटा नव्हता.

अडचण एकच होती. चाची यायला तयार नव्हत्या. नाही म्हणत नव्हत्या, पण हो म्हणतील तर शपथ. "तुमी जाऊन या. मी घर बघते." झालं, विषय संपला. म्हणून चाचांनी मला आणि माझ्या बायकोला यात ओढलं. बाईमाणूस सोबतीला असलं की ही येईल, असा हिशेब.

मग प्लॅनिंग सुरू झालं. काय सांगू तुम्हाला! मोबाईलवर त्या गाडीचे व्हिडिओ बघून चाचांनी वही भरली. दरी कुठल्या बाजूला, पूल कधी, कुठल्या वळणाला कुणी मान कुठे वळवायची. बोगदा आला की तोंड बंद, धूर घशात जातो. "तुझी बायको बोगद्यात बोलायची नाय ना?" असं मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हटलं, गॅरंटी देत नाही. आम्हा चौघांना प्लास्टिकचे फोल्डर मिळाले. आत आधारची झेरॉक्स, तीन प्रती, आणि पांढऱ्या बॅकग्राउंडचे फोटो. डोंगरावरच्या गाडीला फोटो कशाला? "सिस्टीम हाय ती!"

तिकिटांचं बुकिंग सोमवारी सकाळी आठला उघडणार होतं. रविवारपर्यंत चाचींकडून हो यायलाच हवं होतं. तेव्हा चाचांनी हुकूम काढला, रविवारी रंगीत तालीम. रोहा ते पेण, पॅसेंजरनं, पूर्ण सामानासकट. पेणला चाचींचं माहेर आहे, म्हणून एवढ्याला त्या तयार झाल्या. भावाकडे चहा प्यायचा आणि परत. "एकदा गाडीत बसली की तिची भीती जाईल," चाचा म्हणाले.

रविवारी सकाळी सामान तोललं गेलं. माझ्या बायकोची बॅग किलोभर जास्त भरली. चाचांनी सगळ्यांसमोर ती उघडून पावडरचा डबा आणि एक साडी बाहेर काढली. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी रोह्याहून थेट निलगिरीपर्यंत चालत गेलो असतो. चाचांचं स्वतःचं सामान म्हणजे दूधपावडरचं मोठं खोकं, पिवळ्या नायलॉनच्या दोरीनं करकचून आवळलेलं आणि सहाही बाजूंनी जाड मार्करनं नाव लिहिलेलं. आत काय, तर भाकऱ्या, लोणचं, सुकी कोलंबी. पेणला जायला! जिथं पापड विकत घ्यायला लोक येतात त्या गावाला हा माणूस पापडही घेऊन निघाला होता.

गाडीच्या दोन तास आधी आम्ही फलाटावर. गाडी लागली ती सुटायला पाच मिनिटं असताना, रिकामीच. मी आणि बायको आत शिरलो आणि खिडकीवरून आमचं जुंपलं. चाचा दारात उभे राहिले. चाची खालून एकेक सामान देत होत्या. खोकं दिलं, पिशवी दिली, डबा दिला. मग हात वर करून चाचांची कॉलर सरळ केली. हे सगळं इतकं सफाईनं चाललं होतं की आम्ही लक्षच दिलं नाही.

गाडी सुटली. चाचा दारातून हात हलवत ओरडत होते, "जा गो आता घरी! ऊन लागंल! यल्ला, यल्ला! चल, नीघ!" फलाट संपेपर्यंत हात हलवला, समाधानानं आत आले, माझ्यासमोर बसले, रुमालानं घाम पुसला. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"हलीमा कुठाय?"

आम्ही तिघंही खिडकीला चिकटलो. आता काय दिसणार, शेतं! माझ्या बायकोला हसू आवरेना. मलाही आवरेना. मी म्हटलं, "चाचा, तुम्हीच तर टाटा केलात!"

चाचा हसले नाहीत. मी फोन काढला तर त्यांनी माझा हात धरला. "नको. फोनवर काय बोलू मी तिला?" आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी हसू आवरून फोन खिशात टाकला.

नागोठण्याला उतरलो, खोक्यासकट. रिक्षा केली. घरापाशी आलो तर दार उघडंच होतं. चाची स्वयंपाकघरात पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या.

"या अल्ला! गाडी चुकली काय?"

"गाडी नाय चुकली," चाचा म्हणाले. "तू खाली रायलीस."

चाचींनी सुपातला हात थांबवला. दोन क्षण त्यांना उमगेचना. मग पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या. "माझ्या ध्यानातच नाय आला. सामान दिला, तुमी हात हलवलात, मी पन हलवला. आन आले घरी."

चाचा हसायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. बांधाबांधीचे दोरीचे तुकडे, कागद, सगळं सकाळचं तसंच पडलेलं. ओट्यावर त्यांचा चहाचा कप. त्यावर बशी झाकलेली. त्यांनी बशी उचलली. तळाला घोटभर चहा होता.

"झाडू नाय मारलास? कप नाय धुतलास?" त्यांच्या सिस्टीमला हे झेपेना.

"मानूस बाहेर पडल्यावर लगेच केर काढतात काय?" चाची म्हणाल्या. आमच्याकडेही काढत नाहीत, माझी बायको म्हणाली. "आन कप तुमी पोचल्याचा कळला की धुते. आता फोन येतो त्याच दिवशी. पयले पत्र यायचा. महिना महिना लागायचा. कपात काय काय व्हायचा, तुमाला नाय माहीत."

"दर टायमाला?"

"दर टायमाला."

चाचा ओट्याला टेकून उभे राहिले. घरून निघाल्यावर मागे काय राहतं, हे त्या माणसानं आजवर पाहिलंच नव्हतं. कसं पाहणार? तो तर गेलेला असायचा. मला तिथं उभं राहणं जड झालं. मी बायकोला खूण केली, पण ती डोळे पुसत तिथंच थांबली.

तेवढ्यात चाचांनी खिशातून मोबाईल काढला. नंबर लावला. फळीवर ठेवलेला चाचींचा फोन वाजायला लागला. चाचींनी चाचांकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. पाटावरून उठल्या, हात पदराला पुसले आणि फोन घेतला. दोघांत दोन हातांचंही अंतर नव्हतं.

"हॅलो," चाचा म्हणाले. "पोचलो गो मी."

"पोचलात?" चाची फोनमध्ये म्हणाल्या. "बरा झाला."

मग त्यांनी कप उचलला आणि नळ सोडला. कप धुतला, बशी धुतली, दोन्ही पालथी घातली. आमच्याकडे पाठ होती. फोन अजून कान आणि खांद्यामध्ये तसाच होता.

"त्या डोंगरावर थंडी असते ना?" त्या म्हणाल्या. "माझी शाल पन घ्या सामानात."

चाचाही फोन कानाला लावूनच उभे होते.

"व्हय," ते फोनमध्ये म्हणाले.