तिन्हीसांजेचं विरजण

ज्या माणसाच्या घरी गाय नाही, म्हैस नाही, दुधाचा रतीब नाही आणि चहासुद्धा कोरा होतो, त्या माणसाला विरजण कशाला लागावं? पण रवळूअण्णा रोज तिन्हीसांजेला, घरोघर दिवे लागले की पितळेची वाटी घेऊन निघायचे आणि कुणाच्या तरी दारात उभे राहून म्हणायचे, "वैनी, वाईच विरजण द्या की."

तिन्हीसांजेला दूध, दही, मीठ घराबाहेर देऊ नये, लक्ष्मी जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अण्णांनाही होतंच. ठाऊक होतं म्हणून तर ते नेमके त्याच वेळी जायचे. गोव्याच्या हद्दीवरच्या कॅसलरॉकच्या बायकांची मोठी पंचाईत व्हायची. दार लावावं तर येणारी लक्ष्मी दारातून परत जाते आणि उघडं ठेवावं तर रवळूअण्णा आत येतात.

अण्णा स्टेशनवर गुड्स क्लार्क होते. गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होता, हद्द बंद होती आणि त्या बाजूला जाणारे मालाचे डबे थांबले होते. गुड्स ऑफिसात वजनकाटा होता, काट्याशेजारी खुर्ची होती, खुर्चीत अण्णा होते. फक्त माल नव्हता. रिकाम्या वेळात माणसं पत्ते कुटतात, विड्या ओढतात. अण्णांनी शेजार या विषयाचा अभ्यास केला. बदली होऊन आलेला माणूस गाडीतून उतरून वळकटी खाली ठेवतो न ठेवतो तोच अण्णा समोर उभे. "फॅमिली आननार? मग घर बगू नका. शेजार बगा. घर काय, गळलं तर छपराचे नळे परतता येत्यात. शेजार गळाया लागला तर काय परतशीला?"

मी सागवानाच्या सरकारी डेपोत कारकून, तिथल्या बोलीत 'रायटर', म्हणून गेलो तेव्हा माझं बिऱ्हाड खानापूरला सासुरवाडीत होतं. सासुरवाडीत चार दिवस राहिलेला जावई आणि चार महिने राहिलेली लेक, दोघांचीही किंमत सारखीच होते. माझ्या मेहुण्याच्या बायकोने चुलीपाशी भांडी आपटायला सुरुवात केली होती. बायकोचा निरोप आला, "पावसाच्या आत घर बघा. नाहीतर दोन्ही पोरांना घेऊन मी तुमच्या लाकडांवर येऊन बसते." ती बोलते तसं करते. वैशाख सरत आला होता, आणि त्या मुलखात पाऊस एकदा लागला की ट्रंक नुसती स्टेशनबाहेर काढायची म्हटली तरी आतलं सगळं भिजतं. मला घर हवं होतं, तेही लगेच. आणि मी गाठ घेतली ती रवळूअण्णांची.

पहिल्या दिवशी त्यांनी मला बाजारगल्लीत नेलं. घर झकास होतं, हवेशीर. मी खूश. अण्णांनी बाहेर वाळत घातलेल्या गोधड्या बघितल्या, पाणवठ्यावर बसून एक विडी संपवली आणि मान हलवली. "तसं बरं हाय. पन..."

हा त्यांचा 'पन' म्हणजे कोर्टाचा निकाल. त्याच्यावर अपील नाही.

"पन काय अण्णा?"

"दुकानदाराचा शेजार न्हवं बगा. तुमच्या घरातली साखर संपली, हे तुमच्या आदी त्याला कळतंय."

दुसऱ्या दिवशी स्टेशनगल्ली. तिथं एक बाई पोराला असं काही झोडपत होती की मीच मधे पडणार होतो. अण्णा मात्र प्रसन्न झाले. "आरडनारी बाई चांगली. आरडत न्हाई ती मनात ठेवती." मी म्हटलं, चला, जमलं. तर म्हणतात, "पन सगळी रेल्वेची मानसं. बदलीचा कागद आला की गाशा गुंडाळून चालली. लळा लावून जानारा शेजार वाईट."

"अहो, तुम्हीही रेल्वेचेच की!"

"म्हनून तर सांगतोय."

देवळाजवळचं घर भजनामुळे गेलं. नाक्याजवळचं घर शिपायामुळे गेलं ("सकाळी राम राम करायचं का सलाम, ह्यातच जलम जानार"). मुकादमाच्या चाळीतल्या खोलीत तर ते शिरलेच नाहीत, बाहेरूनच म्हणाले, "हितं हसल्याचा आवाज येईना." सकाळी आठ वाजता, नळावर घागरी लागलेल्या असताना, माणसांनी काय म्हणून हसायचं?

आणि जे घर या सगळ्यातून वाचायचं, ते संध्याकाळी विरजणाच्या परीक्षेत नापास व्हायचं. बाजारगल्लीतल्या शेठाणीने अण्णांना उंबऱ्यातूनच झाडलं, "दिवा लावल्यावर विरजण मागतोस? घर बुडवायला आलास व्हय रे मेल्या?" हे घर बाद. ठीक आहे, समजू शकतो. पण स्टेशनगल्लीतल्या तारमास्तरच्या बायकोने बिचारीने हसत हसत वाटीभर दही दिलं, तर तीही बाद!

मी वैतागलो. "न देणारी बाद, देणारीही बाद. मग पास कोण?"

अण्णा शांतपणे वाटीतलं दही बोटाने चाटत म्हणाले, "न्हाई म्हनती, ती रीत सांभाळती आनी शेजाऱ्याला इसरती. तशीच देती, तिला आपल्या घराचीच चाड न्हाई, ती माज्या घराची काय करनार? इरली. बगू फुडं." 'इरली' म्हणजे कानडीत 'असू दे.' हा शब्द ते इतक्या ठिकाणी वापरायचे की त्यांच्या तोंडून तो कानडी वाटेनासा झाला होता.

या सगळ्या पायपिटीत ते मला माझ्या बायकोबद्दल अखंड विचारत असायचे. वैनी कुठल्या? आवाज चढा का पडका? भांडतात का? भांडून झाल्यावर आपणहून बोलतात, का समोरच्याने बोलायची वाट बघतात? आजारी माणसाची किळस करतात का? मी म्हणायचो, "अण्णा, मला घर बघायचंय, तुम्हाला सून नाही." ते नुसते हसायचे. मला वाटायचं, रिकामा माणूस, भोचक असणारच.

बरं, हे जगाला शेजार शिकवणारे अण्णा स्वतः कुठं राहायचे? तर गुड्सच्या गोदामामागे एका पत्र्याच्या खोलीत, एकटे. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला गंजलेला डबा. मुलगी लग्न होऊन गेलेली. बायको खानापूरच्या पलीकडच्या खेड्यात. "फॅमिली कधी आणणार?" असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "आनायची हाय की. पन शेजार मिळंना." हे उत्तर ते इतकी वर्षं देत होते की गावाने त्याची म्हणच केली होती. एखाद्याचं लग्न लांबलं की लोक म्हणायचे, ह्याला रवळूअण्णाचा शेजार मिळंना झालाय.

शेवटी मृगाच्या तोंडावर, आभाळ काळं झालेलं असताना, अण्णा मला चढावरच्या वाडीत घेऊन गेले. तिथं जुनी कुणबी घरं. एक जोडघर होतं. एक सोपा, दोन दारं, दोन चुली. डावीकडचं मोकळं, उजवीकडचंही मोकळं. मालकीण भागीमावशी मागच्या खोपीत राहायची. दिवेलागण झाली होती. अण्णांनी वाटी पुढे केली.

"परत आयलो?" भागीमावशी करवादली. मग आत गेली, वाटीत दही घातलं, चुलीवरच्या शिंक्यातली एक सुकी मिरची काढून त्यात टाकली आणि म्हणाली, "हां, घे. मिरशेंग घातलीय. आता माझी लक्ष्मी घर सोडून खंय वचना."

अण्णांनी वाटी माझ्या नाकासमोर धरली. पांढऱ्या दह्यात लाल मिरची. "हे बगा. रीत बी मोडली न्हाई आनी मानूस बी मोडला न्हाई. हे घर घ्या."

मी हात जोडले. "घेतलं. पण अण्णा, दोन्ही बाजू मोकळ्या आहेत, तर ती उजवीकडची घेतो. तिथं खिडकी मोठी आहे."

"ती ऱ्हाऊ दे," अण्णा एकदम म्हणाले. त्यात 'पन' नव्हतं, 'इरली' नव्हतं. मी डावीकडची घेतली.

बायको आली. पोरं, ट्रंका, पाटा-वरवंटा आणि मांडीवर झाकण बांधलेलं विरजणाचं बोळकं. सगळं सोडेल, पण माहेरचं विरजण सोडणार नाही. भागीमावशीने दूध दिलं, ते तापवलं, दिवा लावला. आणि दारात उभे रवळूअण्णा. हातात वाटी.

मला इतका राग आला! "अण्णा, आता कसली परीक्षा? घर घेऊन झालं!"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "वैनी, वाईच विरजण द्या की."

बायको चुलीपुढून उठून आली. पदर खोचलेला, कपाळाला राख. प्रवासाने आंबलेली, त्यात पोरं रडत होती. मी मनात म्हटलं, आता अण्णांची काही धडगत नाही. तिने त्यांना खालीवर न्याहाळलं. "दिवा लागलाय, दिसत नाही?" असं म्हणून ती वाटी घेऊन आत गेली. आली तेव्हा वाटीत दही होतं आणि दह्यावर मिरची होती. "घ्या. आणि उद्यापासून दिवा लावायच्या आधी येत जावा. रोज एक मिरची वाया घालवायला माझ्या बाचा मळा नाही."

अण्णा वाटीकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, काहीतरी निकाल देतील. पण ते एवढंच म्हणाले, "उद्या मी रजेवर हाय, रायटर," आणि उतार उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीमावशी उजवीकडचं घर सारवत होती. मी विचारलं, कोण भाडेकरू येतोय? ती म्हणाली, "तुका ठाऊक न्हय? हें रवळूचें घर. त्यानं कवाच बगून ठेवलंय. बायलेक हितं आणायची म्हणून. पन बाजूक कोण राहणार, तें त्याका मेळना."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी समजत होतो, अण्णा मला गल्ल्या दाखवतायत. गल्ल्या कसल्या! हे घर आधीच ठरलेलं होतं, त्याच्या शेजाराला माणसं हवी होती. इतके दिवस मला गावभर फिरवून या गुड्स क्लार्काने माझ्या अख्ख्या बिऱ्हाडाला काट्यावर घातलं होतं. आणि बायको एका मिरचीने पास झाली होती. मला हसू आलं आणि थोडा रागही आला, पण राग फार टिकला नाही. आपल्या बायकोला एवढी वर्षं असं जपून शेजार शोधणारा माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही.

तीन-चार दिवसांनी लोंढ्याकडून गाडी आली तेव्हा मी स्टेशनवर गेलो. पावसाची पहिली झड येऊन गेली होती. अण्णा डब्यातून उतरले. अंगात धुतलेला कोट, हातात ती वाटी, केळीच्या पानाने झाकून वाखाने बांधलेली. मागून कुणी उतरलं नाही. मी डब्यात डोकावून बघितलं.

"बगू नका," अण्णा म्हणाले. "येत न्हाई म्हनती."

बाकावर बसलो. त्यांनी विडी काढली, पण ती सादळली होती, पेटेना. "तिच्या शेजारी तानूकाकी हाय. डोळ्यांनी गेली. फुडं कोन न्हाई, मागं कोन न्हाई. ही दोन टायमाला भाकरी देती, न्हाऊ घालती. मी म्हटलं, अगं, असा शेजार बगून ठेवलाय, साऱ्या सुपा तालुक्यात मिळायचा न्हाई. तर म्हनती कशी, 'तुमी मला चांगला शेजार बगितला. तानूकाकीनं काय बगायचं?'"

अण्णांना ज्या शेजाराचं वेड लागलं होतं तो त्यांच्याच घरात होता, आणि तसा होता म्हणूनच येणार नव्हता. मलाच त्यांना 'इरली' म्हणावंसं वाटत होतं, पण तो शब्द त्यांचा होता.

ते उठले, वाटी माझ्या हातात दिली. "तिच्या हातचं विरजण हाय. वैनीस्नी सांगा, ह्याचं लावा."

त्या दिवसापासून आमच्या घरात अण्णांच्या बायकोचं दही लागायला लागलं. उजवीकडचं घर ते आठवड्याला झाडून, कुलूप लावून जायचे. आणि रोज तिन्हीसांजेला वाटी घेऊन आमच्याच दारात यायचे; बाकीच्या गावाची सुटका झाली. दिवा लावायच्या आधी या, हे बायकोचं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं नाही. तीही मिरची काढून ठेवायची.

एकदा आषाढात, पाऊस धरून बसलेला असताना, अण्णा आले तेव्हा बायको आतूनच म्हणाली, "अण्णा, घोटाळा झाला हो. दही नासलं. विरजण संपलं सगळं."

अण्णांचा चेहरा पडला. मी पाटावर जेवत होतो. शिंक्यात दह्याचा गडू होता, सकाळी मीच ताट भरून खाल्लं होतं. "अगं, आहे की गडू..." एवढं मी म्हणालो आणि बायकोने माझ्याकडे असं बघितलं की पुढचा घास मला चावताही येईना.

"इरली, वैनी," अण्णा म्हणाले. वाटी कोटाच्या खिशात घातली. "मग जाऊन आनायलाच पायजे. इलाज न्हाई."

सकाळी लोंढ्याच्या गाडीला ते धुतलेला कोट घालून उभे होते. पुढे दर महिना-दोन महिन्यांनी आमच्या घरचं दही असंच नासायला लागलं, आणि मी गडूबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही.