कॅफेच्या दारातला सुभेदार

माणूस ओळखण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही! ही फुशारकी नाही, अनुभव आहे. चोवीस वर्षं फौजेत काढली, त्यातली नऊ सरहद्दीवर. समोरून येणारा खरा मेंढपाळ आहे की मेंढपाळाचं सोंग घेतलेला दुसराच कुणी, हे मी त्याच्या नुसत्या चालण्यावरून सांगायचो. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आष्ट्याला आलो, तेव्हा वाटलं, आता ही विद्या वाया जाणार. पण पुतण्यानं कॅफे काढलं आणि विद्येला पुन्हा काम लागलं.

पुतण्या म्हणजे जयराज, माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ गेला तेव्हा हा सातवीत होता. तेव्हापासून त्याच्या बापाची जागा माझ्याकडे आली. पुण्याला एका मोठ्या कॉफीच्या दुकानात तो सहा वर्षं राबला, मशिनी शिकला आणि गावी येऊन सांगली रोडला स्वतःचं दुकान थाटलं. पाटी लावली, 'मोहर कॅफे'.

आता अडचण अशी की आमच्या भागात कॅफे हा शब्द बदनाम आहे. कॅफे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कप येत नाही, पडदा येतो! पडद्यामागे कॉलेजची पोरंपोरी आणि एक दिवस पोलिसांची धाड. जयराजच्या दुकानात पडदा सोडा, टेबलावर अंथरायला कापडसुद्धा नव्हतं. पण सांगणार कुणाला? पोराला एकोणतिसावं लागलं होतं आणि चार स्थळं नुसती पाटी वाचून माघारी गेली होती. वहिनी जेवायला वाढताना विचारायच्या, "भावजी, माज्या पोराचं काय चुकलं वं?" हे ऐकलं की मी अर्ध्या ताटावरून उठायचो.

बरं, आमच्याकडे स्थळ सांगून आलं की मुलीकडचे सरळ घरी येत नाहीत. आधी चौकशी! एका मोटारसायकलवर दोघं येतात. चालवणारा तरणा, मागं टोपीवाला म्हातारा. घर ठाऊक असलं तरी पानपट्टीवर विचारणार, "अमके-तमके हितंच ऱ्हात्यात न्हवं?" मग चहा पिणार, पाऊसपाण्याचं बोलणार आणि मधेच हळूच सोडणार, "पोरगं पीत-बीत न्हाई न्हवं?" उत्तर देणारा भावकीतला निघाला तर झालंच कल्याण!

म्हणून मी बेत आखला. चौकशीवाल्यांना दारातच गाठायचं आणि सगळी उत्तरं आपणच द्यायची! गुढीपाडव्याचा मुहूर्त धरून मी कॅफेच्या दारातल्या टेबलावर ठाण मांडलं. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी चार ते सात. ड्यूटी म्हणजे ड्यूटी!

पहिलं काम, शिस्त. मुलगा-मुलगी जोडीनं आत आली की मी उठून उभा राहायचो.

"नातं काय?"

"अं? काका, आम्ही..."

"काका-बिका मागनं. आधी नातं काय?"

एका नव्या जोडप्यानं रागानं मोबाइलमधला लग्नाचा फोटो दाखवला आणि कॉफी न पिताच निघून गेलं. एकदा तर मी सख्ख्या भावाबहिणीला दोन वेगळ्या टेबलांवर बसवलं. बहीण वैतागून म्हणाली, "आवं आजोबा, आमच्यात कॉफी एकच मागवलीया!"

जयराज हात जोडायचा. "नाना, गिऱ्हाईक घाबरतंय वं."

"घाबरू दे. अब्रू तर ऱ्हाती!"

पंख्याखालचं झकास टेबल मी चौकशीवाल्यांसाठी राखून ठेवलं होतं. त्यावर माझा टॉवेल. भर वैशाखात, एका बाजारच्या दिवशी, पन्नाशी उलटलेल्या एक बाई आल्या. डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी. त्यांनी माझ्या टॉवेलची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि पंख्याखाली बसल्या.

"आवं बाई, ही जागा राखीव हाय!"

"कुणासाठी?"

"पाव्हण्यांसाठी."

"मग आलेय की मी!"

जयराज मेनूची वही घेऊन आला. बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. "कडक कॉफी दे बाबा. आनि वरचा फेस काढून आन. मला दाढी करायची न्हाई."

त्या साळूबाई. नवऱ्याच्या साखर कारखान्यातल्या नोकरीपायी सोळा वर्षं कर्नाटकात काढलेल्या, त्यामुळे चहापेक्षा कॉफीची सवय. आष्ट्याजवळच्याच एका वाडीत राहायच्या. मग दर बाजारी त्यांची फेरी ठरलेली. लाइट गेली की जयराज त्याच मेनूच्या वहीनं त्यांना वारा घालायचा. मी त्यांना एका नजरेत ओळखलं. निरुपद्रवी! बाजार करून दमलेली बाई. आणि चौकशी हे तर पुरुषांचं काम!

आषाढ लागला. आता तुळशीचं लग्न होईतो कुणाचं लग्न नाही, म्हणजे चौकशीही नाही. गिऱ्हाईकही नाही. तरी मी ड्यूटी सोडली नाही. बाहेर पाऊस, आत मी, जयराज आणि बाजारच्या दिवशी गळकी छत्री घेऊन साळूबाई. रिकामटेकडा माणूस बोलल्याशिवाय राहतोय होय?

"पोरगं बरं दिसतंय," त्या एकदा म्हणाल्या.

"दिसतंय! पर म्हशीची धार काढता येत न्हाई त्याला. कोंबडी अंगावर आली तर टेबलावर चढतंय."

"पीत-बीत न्हाई न्हवं?"

"छ्या! कॉफीच चढती त्याला. दोन कप झालं की रात्रभर छताकडं बघत बसतंय. पुण्याला एक पोरगी आवडली हुती, तिनं दुसरीकडं लगीन केलं. महिनाभर जेवला न्हाई गडी. आमी काय म्हनलं न्हाई. बोलून काय हुतंय?"

"शेती?"

"तीन एकर. त्यातली एक चुलतभावानं अडवलीया. पर चौकशीवालं आलं की मी सांगणार, पाच एकर बागायत!"

साळूबाई पदरानं तोंड झाकून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. जयराज पाणी घेऊन धावला. मला बरं वाटलं. चार महिन्यांत माझ्या बोलण्याला हसणारं ते पहिलंच गिऱ्हाईक होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि आष्ट्याला थंडी पडली. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावरून सुरू झाली, पाचटाचा कचरा आणि गार वारं थेट दुकानात! साळूबाई खोकायला लागल्या. आता खरा हंगाम, चौकशीवाले कधीही येतील, आणि आपल्याकडे धड आडोसा नाही! मी घरून हत्तीच्या चित्रांचा जाड पडदा आणला आणि कोपऱ्यातल्या टेबलापुढे टांगला.

जयराजचा चेहरा पांढरा पडला. "नाना, पडदा नगं! काय बी करा, पर पडदा नगं!"

"अरं, त्यो पडदा येगळा, ह्यो येगळा. ह्यो घरंदाज पडदा हाय!"

वर मी पाटीही रंगवून लावली. 'कुटुंबासाठी खास सोय'. माझ्या डोक्यात सगळं पक्कं होतं. चौकशी झाली की मुलगी बघायचा कार्यक्रम इथंच. थोरल्यांनी बाहेर बसायचं आणि मुला-मुलीनं पडद्यामागे पाच मिनिटं मोकळं बोलायचं. बघा, केवढी पुढची नजर!

मार्गशीर्षातल्या बाजारी साळूबाई आल्या, त्या एका मुलीला घेऊन. "माजी भाची," एवढंच म्हणाल्या आणि दोघी पडद्याआड गेल्या. माझं लक्ष नव्हतं, कारण त्याच क्षणी दारात मोटारसायकल थांबली. चालवणारा तरणा, मागं टोपीवाला! आठ महिने ज्यांच्यासाठी डोळ्यांत तेल घालून बसलो, ते आले!

"राम राम," टोपीवाले म्हणाले. "कॅफे कुणाचं?"

"माज्या पुतण्याचं! या की, पाडव्यापास्नं वाट बघतुया तुमची!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आमची?"

"व्हय तर! कवा येतायसा म्हणून डोळं शिणलं."

टोपीवाले सावकाश खुर्चीवर टेकले. "पोरगा-पोरगी बसत्यात का हितं?"

मी मनात म्हटलं, काय सरळ माणूस! थेट बघण्याच्या कार्यक्रमावरच आला. "बसवू की! त्याचीच तर खास सोय केलीया. त्यो बघा पडदा. आत कितीबी बोलत बसली तरी कुणी बघत न्हाई!"

तरण्यानं खिशातून वही काढली. "किती वेळ बसू देता?"

"घाई कशाला? निवांत बसू द्या. आनि मी हाय न्हवं दारात राखणीला! कुणाला आत सोडत न्हाई!"

"म्हंजे राखण तुमी करता," तरणा लिहिता लिहिता म्हणाला.

"आठ महिनं झालं. एक दिस खाडा न्हाई!"

"आता हाय का कोण आत?"

"हायत की, पर त्यांचं आपल्याला काय..."

टोपीवाल्यांनी सदऱ्याच्या खिशातून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. पोलीस! साध्या वेशातले! तालुक्यातल्या सगळ्या कॅफेंची तपासणी चालली होती आणि मी त्यांना स्वतःच्या तोंडानं पडद्याची जाहिरात करून दाखवली होती!

मी आपोआप सावधानमध्ये उभा राहिलो. गोळीबारात घाबरलो नव्हतो, तेवढा इथं घाबरलो. वहीत आज नाव लिहिलं गेलं की उद्या आष्टाभर होणार, आणि मग जयराजला जन्मात मुलगी मिळायची नाही. आणि हे सगळं भावकीनं नाही, मी केलं! मी, त्याच्या बापाच्या जागेवर बसलेला!

टोपीवाल्यांनी उठून पडदा सर्रकन ओढला. हत्ती बाजूला झाले.

आत साळूबाई होत्या. त्यांची भाची होती. आणि त्या दोघींच्या समोर, खुर्चीवर बसून, चक्क बसून, जयराज कॉफी पीत होता! गिऱ्हाइकासमोर मी त्याला कधी बसलेला पाहिला नव्हता.

"नातं काय तुमचं?" टोपीवाल्यांनी विचारलं.

जयराज कप ठेवून उठून उभा राहिला. मी डोळे मिटून घेतले.

"मी साळूबाई," बाई शांतपणे म्हणाल्या. "ही माज्या भावाची लेक, संयोगिता. मिरजेला दवाखान्यात रक्त तपासती. आनि हा..." त्या थांबल्या आणि भाचीकडे पाहू लागल्या. मुलीनं एकदा जयराजकडे पाहिलं, मग कपाकडे, आणि मान हलवली. "हा आमचा जावई. लगीन ठरलंय."

"कवा ठरलं?"

"आत्ता. तुमी पडदा वडला तवा!"

टोपीवाले हसले. तरण्यानं लिहिलेलं पान फाडलं. "पर ह्ये आजोबा काय बोलत हुतं मग?"

"त्यांचं मनावर घिऊ नका," साळूबाई म्हणाल्या. "त्ये दारात बसून असंच बोलत्यात. मी सात महिनं ऐकतीया."

पडदा ताबडतोब उतरवा, अशी तंबी देऊन दोघं गेले. मी तो आकड्यांसकट उपसून काढला! मग साळूबाईंपुढे जाऊन उभा राहिलो. "आवं, म्हंजे चौकशी तुमी करत हुता?"

"मग काय! पाडव्यालाच ह्ये स्थळ सांगून आलं हुतं. भाऊ म्हनला, कॅफेवाला नगं. मी म्हनलं, मी बघून येती." त्यांनी उरलेली कॉफी संपवली. "गडीमाणसं गाडीवर येत्यात, एक चहा पित्यात आनि माघारी. त्यात काय कळतंय? माणूस उन्हात बघावा, तापला की कसा बोलतोय. पावसात बघावा, गिऱ्हाईक नसलं की चिडतोय का. थंडीत बघावा, सकाळी उठतोय का. बाकीचं मग तुमीच सांगितलंसा, सुभेदार. कोंबडीपासनं!"

माझ्या डोळ्यांपुढे तीन एकर उभी राहिली. म्हैस, पुण्याची मुलगी, सगळं! जगाला सांगायचं खोटं मी आठ महिने घोकलं, आणि ज्यांना सांगायचं त्यांनाच खरं सांगून बसलो!

"खरं सांगितलंसा म्हणून तर पोरीला आनलं," त्या म्हणाल्या. "तिलाबी पसंत हाय. फकस्त एक अट हाय."

मी हात जोडले. खरं सांगतो, डोळ्यांना पाणी आलं होतं. "बोला. घर रंगवतो. न्हाणीला फरशी घालतो. काय पायजे त्ये!"

"तुमी दुकानात बसायचं न्हाई."

मी जयराजकडे पाहिलं. तो पंख्याकडे असा बघत राहिला, जणू तो आजच बसवलाय. मी दारातल्या टेबलावरचा माझा टॉवेल उचलला, खांद्यावर टाकला आणि बाहेर पडलो.

लग्न माघात झालं. थाटात झालं. वहिनी मांडवभर फिरत होत्या आणि दिसेल त्याच्या हातात कॉफीचा कप देत होत्या. आता मी रस्त्यापलीकडे आकारामच्या केशकर्तनालयात बसतो. तिथून कॅफे नीट दिसतं. सुट्टीच्या दिवशी संयोगिता गल्ल्यावर असते. आता रोज सगळी टेबलं भरलेली असतात. पोरंपोरी येतात, म्हातारेकोतारे येतात, ते फोटो दाखवणारं जोडपंसुद्धा परवा परत आलेलं पाहिलं. अकरा वाजता जयराज माझा कप घेऊन रस्ता ओलांडून येतो.

मी त्याला एकदा विचारलं, "जया, गिऱ्हाईक लय वाढलं रं. कशानं?"

"थंडी हाय न्हवं नाना," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "थंडीत लोक कॉफी जास्त पित्यात."

काल आष्ट्यात बेचाळीस डिग्री होतं. तरी जयराज म्हणतो, थंडीच आहे. गुणी पोरगं आहे, मीही मान डोलावतो.