मेट्रॉन म्हणजे माप

मैनाबाईंचा ताप उतरेना, तसे पुंडलिकराव जास्तच बोलू लागले. मारेगावच्या शाळेतले निवृत्त विज्ञान-मास्तर ते. भीती वाटली की यंत्रांच्या नावांची फोड करत बसायचे. यवतमाळच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, बायको ग्लानीत पडलेली. शेजारची खाट सकाळीच रिकामी झाली होती. त्या बाईला चादरीत गुंडाळून नेलं होतं. सोबत आलेली शेजारीण हंसाबाई व्हरांड्याच्या टोकाला गरम पाणी आणायला गेली होती.

नर्सने ताप पाहिला. मास्तर म्हणाले, "थर्मॉमीटर. ग्रीक शब्द हाय, पोरी. थर्मॉस म्हंजे गरम, अन् मेट्रॉन..."

"कोन गरम मेट्रन?" दारात वॉर्डाच्या मेट्रन ममताबाई उभ्या होत्या.

"तुमी नाही, मॅडम! मेट्रॉन म्हंजे माप."

"माह्यं माप काढून राह्यले?"

मास्तरांना घाम फुटला. विषय बदलावा म्हणून त्यांनी रक्तदाबाच्या यंत्राकडे बोट केलं. "हे मॅनोमीटर. मॅनॉस म्हंजे विरळ..."

ममताबाईंचा हात आपसूक केसांकडे गेला. चौकीदाराने मास्तरांना खाली अंगणात नेऊन बसवलं.

थोड्या वेळाने मैनाबाईंनी डोळे उघडले. वॉर्ड चिडीचूप. हा माणूस जिवंत असून गप्प, हे शक्यच नव्हतं. त्यांनी हंबरडा फोडला, "अंकुरचे बाबा गेले वं!"

पाणी घेऊन आलेल्या हंसाबाईने तो ऐकला आणि रडतच गावी फोन लावला.

खाली मास्तरांनाही हंबरडा ऐकू आला. आवाज आपल्याच वॉर्डातला, एवढंच कळलं. मैना गेली! ते बराच वेळ पायरीवरच रडत बसले. शेवटी ममताबाईंनीच त्यांना दंड धरून वर आणलं.

"पाह्य बाई, हा जित्ता हाये. अन् मास्तर, हेबी जित्ती हाये. आता दोघंबी रडनं बंद करा."

मैनाबाईंच्या कपाळावर घाम होता. ताप उतरत होता. मास्तरांनी त्यांचा हात धरला, तोच फोन वाजला. गावचा नागोराव.

"मास्तर? तुमी तं गेलते ना?"

"नाही गा! कोनं सांगतलं?"

"हंसाबाईनं. लोकं निघाले ना जीप भरून. तिरडीबी बांधली."

"मंग सोड ते."

"बांबू सोडतो. पन कापड फाडून आनलं, दुकानदार वापस घेत नाही. काय करू?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ठेव माळ्यावर. दोघातून एकाले लागनच."