डाव्या लेनचे दांडेकर

दांडेकरकाका हायवेच्या अगदी डावीकडच्या लेनमधून ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी हाकायचे. ज्यांनी शारजा-दुबई रस्ता पाहिलेला नाही त्यांना वाटेल, यात काय एवढं. अहो, तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावी लेन म्हणजे जिवावर उदार झालेल्यांची. मागून एखादी धिप्पाड जीप यायची, आमच्या पाठीला चिकटायची, दिव्यांची उघडझाप करायची. काका आरशात शांतपणे बघून म्हणायचे, "एकटा आहे. हक्क नाही त्याचा."

मग ती जीप चडफडत उजवीकडून पुढे जायची, आतला माणूस हातवारे करून आमचा उद्धार करायचा आणि मी मागच्या सीटवर ओढणीत तोंड लपवायची.

या रोगाची लागण अमेरिकेत झाली. कंपनीने काकांना एकदा ट्रेनिंगला तिकडे पाठवलं होतं. लोक तिथून चॉकलेटं आणतात, काका कारपूल लेन घेऊन आले. तिकडे म्हणे डावीकडची एक लेन राखीव असते. गाडीत ठरल्याइतकी माणसं असली तरच त्या लेनमध्ये शिरायचं, एकटा शिरला की पोलीस पावती फाडतो. "माणसं मोजतात हो तिथे, माणसं. आपल्याकडे नुसता वेग मोजतात," काका सांगायचे. सांगताना त्यांचा आवाज कीर्तनाला उभं राहिल्यासारखा व्हायचा.

आता दुबईत अशी लेन नव्हती. नसली तर नसली. काकांनी आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीपुरता कायदा लागू करून टाकला. ड्रायव्हर धरून किमान तीन माणसं, त्याखाली गाडी जागची हलणार नाही.

ती तीन माणसं म्हणजे काका, मी आणि सावंत. शतक नुकतंच बदललं होतं. नोकरी दुबईत आणि बिऱ्हाड शारजात, कारण दुबईची भाडी ऐकूनच घाम फुटायचा. मी बर दुबईत एका ट्रेडिंग कंपनीत हिशेब लिहायची. सावंत मालवणकडचा, मीना बाजारात एका टेलरकडे कटर होता. आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो आणि खाली उतरलं की काका टाय लावून गाडीपाशी उभे असायचे. त्यांचं ऑफिस क्रीकजवळ होतं, म्हणजे खाडीच्या काठी, जिथून अब्रा नावाच्या होड्या पलीकडे जातात. पहिल्या महिन्यात मी पेट्रोलचे पैसे पुढे केले तर ते भडकलेच. "पैसे घेतले की ती टॅक्सी झाली. विनापरवाना टॅक्सी म्हणजे गुन्हा. ठेवा ते पाकिटात."

'ऑक्युपन्सी', म्हणजे गाडीत माणसं किती, हा त्यांचा लाडका शब्द. जेवायला बोलावलं तर विचारायचे, "ऑक्युपन्सी किती आहे?" एकदा सावंत तापाने आडवा पडला. तर काकांनी खालच्या पठाण वॉचमनला "चलो खानसाहेब, हवा खाके आओ" म्हणून गाडीत घातलं आणि बर दुबईला नेऊन सोडलं. तो बिचारा बसने परत आला आणि पुढे आठवडाभर आम्हाला बघितलं की जिन्याआड जायचा. दुसऱ्या एका सकाळी मी सुट्टीवर होते, तेव्हा सावंतने शक्कल लढवली. दुरुस्तीला घरी आणलेला दुकानातला पुतळा त्याने माझ्या जागी बसवला, वर सीटबेल्टही लावला. काका गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "सावंत, हा बोलतो का?"

"नाही काका."

"मग धरता येणार नाही."

आणि खरंच, चौथ्या मजल्यावर येऊन त्यांनी माझी बेल वाजवली. सुट्टीच्या दिवशी मी दुबईपर्यंत जाऊन आले. काय करता, भिडस्त स्वभाव.

त्यांचा मुलगा निखिल इथेच वाढलेला, मरीनाच्या नव्या टॉवरांवर इंजिनिअर. तो बापाच्या गाडीत बसायचा नाही. "बाबा, प्लीज, नॉट द लेफ्ट लेन," एवढंच म्हणायचा. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. घरात निखिल, सून आणि काका.

असं सगळं सुखाने चाललं होतं, तोवर जुलैतल्या एका सकाळी इन्स्पेक्टरने गाडी बाजूला घ्यायला लावली. खासगी गाडीतून चोरून सवाऱ्या नेणाऱ्यांची तेव्हा धरपकड चालू होती.

"ये लोग कौन?" त्याने विचारलं.

काकांनी आम्हाला शंभरदा बजावलं होतं की कुणी विचारलं तर खरं तेच सांगायचं. पण खऱ्यावर कोण विश्वास ठेवणार, असं वाटून मी म्हणाले, "हमारे चाचा हैं." नेमक्या त्याच वेळी पुढच्या सीटवरून सावंत म्हणाला, "मामा हैं."

इन्स्पेक्टरने बहुधा अर्धी नोकरी आम्हा भारतीयांना थांबवण्यात घालवली असावी. "चाचा अलग, मामा अलग," तो म्हणाला. "मॅडम तुम्हारा कौन?"

"भाभी," सावंत घाम पुसत म्हणाला.

इन्स्पेक्टरने मनातल्या मनात आमचं नातं जुळवून पाहिलं आणि नाद सोडला.

"कोई रिश्ता नहीं," काका ताठ मानेने म्हणाले. "पैसा भी नहीं लेता."

"रोज लाता?"

"रोज."

"फ्री?"

"फ्री."

तो हसला. त्याच्या जागी मी असते तर मीही हसले असते. त्याने काकांचा पासपोर्ट मागून घेतला, व्हिसाचं पान उघडलं आणि त्याचं हसू थांबलं. "व्हिसा बेटे का. तुम काम नहीं करता?"

"करते हैं ना," मी मध्ये तोंड घातलं. "क्रीक के पास ऑफिस है इनका."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नहीं करता," ते म्हणाले. "रिटायर हो गया. डेढ़ साल हुआ."

सावंत आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. दीड वर्ष हा माणूस आमच्याबरोबर टाय लावून कुठल्या ऑफिसला जात होता?

इन्स्पेक्टरचा हिशेब मात्र सरळ होता. नोकरी नाही, तरी रोज सकाळी माणसं घेऊन दुबई, संध्याकाळी माणसं घेऊन शारजा. "तो येही तुम्हारा काम," तो म्हणाला. "गाड़ी जमा होगी. बेटे को बुलाओ."

"बेटे को नहीं," काका एकदम म्हणाले. "वो समझता है मैं घर पे आराम करता हूँ."

"तो क्यों आता इधर?"

काका स्टिअरिंगकडे बघत बोलायला लागले. "बेटा-बहू सुबह छह बजे जाते, रात को आते. दिनभर टीवी बोलता है, और कोई नहीं बोलता. ये दोनों बोलते हैं. सुबह एक घंटा, शाम को एक घंटा. ट्रॅफिक रहा तो डेढ़."

"और बीच में?"

"क्रीक पे बैठता. अब्रा में उधर जाता, फिर इधर आता. फिर इनका छूटने का टाइम हो जाता."

इन्स्पेक्टरने पासपोर्ट मिटला. मग त्याने तो काकांना परत दिला. "आज जाओ. कल से ये लोग बस में. फिर देखा तो गाड़ी गई. खलास."

काकांनी गाडी सुरू केली आणि अगदी उजवीकडच्या लेनमधून, ट्रकांच्या मागून नेली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. माणसाने एवढं मनात दाबून ठेवावं? एका शब्दाने सांगितलं असतं तर आम्ही काय खाल्लं असतं का त्यांना?

मीना बाजारापाशी गाडी थांबली. एरवी सावंत थांबायच्या आत उडी मारायचा. आज बसून राहिला.

"काका, दुपारी जेवता कुठे?"

"डबा असतो."

"तो कुठे बसून खाता?"

"इथेच की, गाडीत. काच खाली घेतो, वारा येतो."

जुलैत दुबईत जो येतो त्याला वारा म्हणत नाहीत. सावंतने वाकून सीटखालची डब्याची पिशवी उचलली, दार उघडलं आणि चालू लागला.

"अरे, माझा डबा," काका म्हणाले.

"दुकानात आम्ही चौघे एकत्र बसतो, एक वाजता," सावंत मागे न बघता म्हणाला. "मला लवकर जाऊन जागा करायला पायजे. आणि उद्या सकाळी मिनीबसच्या रांगेत या, मी नंबर धरतो."

काका माझ्याकडे बघायला लागले. हात किल्लीवर तसाच.

"माझ्याकडे काय बघताय," मी म्हणाले. "डबा गेला की."

त्यांनी गाडी बंद केली, खाली उतरले, चष्मा काढून पुसला, टायची गाठ सारखी केली आणि डब्याच्या मागे निघाले.